अण्णा, प्लेट आली

तुम्ही गॅरेजमध्ये पडलात तेव्हा माझे हात कणकेत होते, अण्णा. आधी पान्हा पडल्याचा आवाज आला. मी मनात म्हटलं, पाडला पुन्हा. मग त्याहून जड काहीतरी पडलं. तशीच धावले. तुम्ही गाडीच्या पुढच्या बंपरपाशी उताणे पडला होतात. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हतात.

मनीषा फोन कानाला लावून वरून धावत आली. फोनवरच्या बाईनं सांगितलं, अँब्युलन्स येईपर्यंत छाती दाबा. माझ्या लेकीच्या हातात फोन होता, म्हणून मी बसले. "आई, जोरात. अजून जोरात. थांबू नकोस." पंधरा वर्षांत मी तुमच्या हातात चहाचा कप दिला नव्हता. मी टेबलावर ठेवायचे, तुम्ही उचलायचात. व्याही-विहिणीनं असंच वागायचं असतं, असं आपल्याला कुणीतरी शिकवलेलं. आणि त्या दिवशी मी तुमच्या छातीवर दोन्ही हात रोवून सगळा भार टाकत होते. तुमच्या निळ्या स्वेटरला कणीक लागत होती.

अँब्युलन्सवाले आले. तोंडावर मास्क, वर काचेसारखं झाकण, अंगात निळे झगे. त्यातल्या मुलीनं मला उठवून बाजूला केलं आणि विचारलं, "वाइफ?" मी नाही म्हणून मान हलवली. "सिस्टर?" पुन्हा हलवली. एवढी मोठी इंग्रजी भाषा, तिच्यात विहिणीला शब्द नाही. मी म्हटलं, "फॅमिली."

वीसेक मिनिटं त्यांनी खटपट केली. मग थांबले आणि एकानं घड्याळ बघितलं. मनीषाला काही सांगावं लागलं नाही.

हे लिहून टाकलं, कारण डोळे मिटले की हेच आधी येतं. तुमच्या अंत्यविधीला दहाच माणसं चालणार होती. त्या दहांत मी होते, एवढंही सांगून ठेवते. आता मला दुसरं सांगायचंय. कालपासून पोटात मावत नाहीये. अण्णा, प्लेट आली!

पण क्रमानं सांगते. तुम्हाला सगळं ठाऊक आहे म्हणाल. तुम्हाला तुमच्या बाजूनं ठाऊक आहे.

आपण दोघं परदेशातल्या या टार्निटमध्ये अडकलो, ही काही आपली हौस नव्हती. मी सहा महिन्यांसाठी लेकीकडे आले होते. तुम्ही सुनंदाबाई गेल्यावर पोराकडे आला होतात. करोनानं विमानं बंद झाली आणि व्याही आणि विहीण एका घरात कोंडले गेले. पहिला महिना तुम्ही हॉलमध्ये आलात की मी स्वयंपाकघरात जायचे, आणि मी हॉलमध्ये आले की तुम्ही गॅरेजमध्ये. बिचाऱ्या रियाला वाटायचं, आज्जीचं आणि आबांचं भांडण आहे.

मग तुमच्या संदीपनं ती गाडी आणली. तुम्ही तीस वर्षं पुण्यात सरकारी अँबेसडर चालवलीत, आणि इथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये संदीपला अँबेसडरची विलायतेतली थोरली बहीण सापडली. तसंच गोल नाक, तसेच दोन बटबटीत डोळे. ट्रकच्या पाठीवर बसून आली. आत उंदरांनी घर केलेलं, सीटमधून गवत बाहेर आलेलं. मी म्हटलं, "ही चालायची नाही."

तुम्ही म्हणालात, "विहीणबाई, तुम्ही आणि मीसुद्धा चालतोच आहोत की."

तुम्ही केलेल्या विनोदाला मी हसले, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

तेव्हा तासभर बाहेर पडायची परवानगी होती. या वस्तीत बघायला काय आहे? झाडं गुडघ्याएवढी, वारा मात्र डोकं उडवून नेणारा. सगळी घरं एकसारखी, प्रत्येकापुढे दोन-दोन गाड्या उभ्या. तुम्ही पुढे चालायचात, मी चार पावलं मागे. एकदा तुम्ही थांबून एका गाडीच्या नंबरप्लेटकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, "हे काय लिहिलंय सांगा."

"मला इंग्रजी येत नाही, माहीत असून विचारता?"

"म्हणूनच विचारतो. हे बी. हे ओ. हे दोन एस. बॉस."

"गाडीवर बॉस लिहून हिंडतात?"

"इथं काहीही लिहिता येतं. सरकारला कळवायचं, आणि आधी कुणी घेतलेलं नसलं पाहिजे."

माझी शाळा चौथीपर्यंत. एवढं आयुष्य मी इंग्रजी अक्षरांकडे भिंतीवरच्या डागांकडे बघावं तसं बघत आले. आणि सत्तरी उलटल्यावर मी ती लोकांच्या गाड्यांच्या मागे वाकून शिकले! शिकलेलं मोडायला नको म्हणून रोज नवी गल्ली धरायची. सिंग वाचता आलं, पटेल वाचता आलं. एका लाल गाडीवर कुणा नातवंडांनी आजीचं नाव घातलं होतं, तेही वाचलं. ओळखलं की मी टाळी वाजवायची. एका गोऱ्या माणसाला वाटलं, मी त्याच्या गाडीचं कौतुक करतेय. तो बिचारा बाहेर येऊन "थँक यू, डार्ल" म्हणाला. तुम्ही इतके हसलात की मास्क गळ्यात आला.

दुसऱ्या वर्षी गाडी सुरू झाली. पहिल्यांदा इंजिन धडधडलं तेव्हा सगळं गॅरेज निळ्या धुरानं भरलं. आपण दोघंही खोकत होतो. अशा दिवसांत दोन म्हातारी माणसं एवढी खोकतायत म्हटल्यावर शेजाऱ्यानं खिडकी लावून घेतली. आता कागदपत्रं करायची, आणि प्लेट निवडायची.

प्लेटवर सहाच अक्षरं बसतात, असं रियानं सांगितलं. आयपॅडवर चौकोनात अक्षरं टाकायची की खाली प्लेटचं चित्र येतं, आणि ती मोकळी असली की हिरवी खूण. घरात लग्न ठरल्यासारखी धमाल. संदीप म्हणाला, अँबी घाला. मनीषा म्हणाली, पुणे घाला. रिया म्हणाली, "आबा, जस्ट पुट माय नेम!" तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलंत आणि शेवटी घसा खाकरून म्हणालात, "सुनंदा."

तुम्ही बायकोचं नाव घेतलेलं आमच्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं. "अगं ए" आणि "ऐकलंस का" यांवर तुमचा संसार झाला. रियानं टाइप केलं. शेवटचं अक्षर आत जाईना. सात होतात.

"आबा, एक ए काढूया. नोबडी विल नो."

"तुझ्या आजीचा एक हात कापून लावू गाडीवर?"

आणि इथं मी तोंड घातलं. मी म्हटलं, "सुनंदा हे तुम्ही ठेवलेलं नाव. माहेरचं काय होतं? ते घाला. बाईला आई-बापांनी ठेवलेलं तेच तिचं नाव."

"शांता," तुम्ही म्हणालात. "पत्रिकेवर होतं. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी शांता."

रियानं टाकलं. सहा! हिरवी खूण! पोरगी सोफ्यावर उड्या मारायला लागली. संदीप म्हणाला, "डन, अण्णा?" तुम्ही मान डोलवणार तेवढ्यात मी म्हटलं, "थांबा."

कारण मला आठवलं. मनीषा-संदीपच्या लग्नात मी रुखवत मांडत होते. सुनंदाबाई वरमाय, त्यांनी मिरवायचं, पण त्या आत येऊन माझ्याजवळ जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "मी घरात सांगून ठेवलंय. मनीषाचं नाव बदलायचं नाही. तांदळाचं ताट मागवूच नका. माझं दोनदा बदललं, तेवढं पुरे."

मी म्हटलं, "दोनदा कसं?"

"सुनंदा यांनी ठेवलं. आणि शांता, तेही काही आई-बापांनी ठेवलेलं नव्हे," असं म्हणून त्या हसल्या. तेवढ्यात रुखवतातला थर्माकोलचा बंगला कलंडला. मी तो धरायला धावले. परत आले तोवर त्यांना कुणीतरी हाक मारून नेलं होतं.

हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेहेचाळीस वर्षं जिच्याबरोबर जेवलात, तिचं पहिलं नाव तुम्हाला ठाऊक नव्हतं!

"सासरी तर सगळे तिला धाकटी म्हणायचे," तुम्ही म्हणालात. "मला वाटलं, पत्रिकेवर आहे तेच खरं."

"शोधा," मी म्हटलं. "खरं मिळेपर्यंत प्लेट घेऊ नका."

हटून बसले मी. तुम्हीही पेटलात. त्या दिवसांसारखे दिवस मला या देशात दुसरे आठवत नाहीत. सकाळी उठलात की डायरी काढून बसायचात, त्यांच्या माहेरचं कोण राहिलंय ते शोधत. मेव्हणे गेलेले. मामा गेलेले. गावातली शाळा पडून नवी बांधलेली, जुने दाखले भिजून गेलेले. राहता राहिल्या कराडकडच्या गावातल्या अक्का, सुनंदाबाईंच्या सगळ्यांत थोरल्या बहीण. वय चौऱ्याऐंशी. फोन लावला तर नातसून म्हणाली, अक्का दवाखान्यात आहेत. करोना. ऑक्सिजन लावलाय.

ती तिकडची दुसरी लाट. आपल्याला रोज कुणी ना कुणी गेल्याचं कळत होतं. एक नाव जगात एकाच म्हातारीच्या डोक्यात उरलं होतं, आणि तिच्या नाकाला नळी होती. तुम्ही रोज दुपारी नातसुनेचा मेसेज यायची वाट बघायचात. बोटाला लावायच्या यंत्रावर आकडा किती आला, ते मला ओरडून सांगायचात, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा. "अठ्ठ्याऐंशी, विहीणबाई!" मी देवापुढे दिवा लावायचे. कशासाठी लावतेय हे मला नीट कळत नव्हतं, अक्कांसाठी की नावासाठी. खरं सांगते, नावासाठीही लावत होते.

दहाव्या दिवशी अक्का नळीसकट घरी आल्या. दोन दिवस आपण कळ काढली. तिसऱ्या दिवशी व्हिडिओवर फोन लावला. पडद्यावर नुसतं कपाळ आणि पांढरे केस. नातसून मागून सांगत होती, आज्जी, वर बघा.

"अक्का, मी बोलतोय. सुनंदाचा नवरा."

"कोन सुनंदा?"

"तुमच्या धाकटीचा नवरा हो!"

"मग तसं म्हन की! जिता हायस व्हय? जेवलास?"

"अक्का, एक विचारायचंय. धाकटीचं लहानपणीचं नाव काय होतं?"

"आता इचारतोस? ती गेल्यावर?"

"सांगा की."

"नकुशी."

आपण दोघांनी एकमेकांकडे बघितलं. अक्कांना वाटलं, आपल्याला ऐकू गेलं नाही. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "नकुशी! पाचवी पोर झाली. बापानं तोंड बी बघितलं न्हाई. नकुशी ठिवलं म्हंजी पुढं पोरगी व्हनार न्हाई. शाळंत बी तेच घातलं."

रियानं विचारलं, "व्हॉट डझ इट मीन?" तिला कुणी सांगितलं नाही. मी सांगितलं. मी म्हटलं, नको असलेली. पोरीला कळायला पाहिजे.

तुम्ही हळूच विचारलंत, "मग पत्रिकेवर शांता कुठून आलं?"

"ते तिनंच ठिवलं. बाप म्हनला, असलं नाव छापलं तर लोक हसतील, काय छापू? तर ही म्हनली, शांता. कुटनं आनलं तिलाच ठावं. पत्रिका छापून आल्यापास्नं गावभर सांगत हिंडायची, मला शांता म्हना. नकुशी म्हनलं की ओ द्यायची न्हाई. अकरा दीस. मग लगीन झालं."

"मग लगीन झालं," असं त्या साधेपणानं म्हणाल्या. पुढचं आपल्याला माहीत होतं. तांदळाचं ताट, तुमच्या हातात अंगठी, तांदळात सुनंदा.

फोन ठेवल्यावर तुम्ही म्हणालात, "मी पुसलं ते."

मी म्हटलं, "हो. पुसलंत."

"मला काय माहीत? सगळेच बदलतात."

"विचारलंत का तिला?"

तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. माझ्यावर आवाज चढवलात तो तेवढा एकदाच. "तुम्ही तरी विचारलंत का? तुमच्याजवळ येऊन बसली होती ना ती!"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. मी उत्तर न दिल्याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल. दोन वर्षांत पहिल्यांदाच झालं ते.

आता देते. नाही विचारलं. थर्माकोलचा बंगला सावरायला गेले आणि परत जाऊन विचारलं नाही. त्यानंतर त्या बारा-तेरा वर्षं जगल्या. दिवाळीला भेटायच्या. मी कधी म्हटलं नाही, की त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होतात. तुम्ही चुकलात त्यापेक्षा मी कमी चुकले नाही. आणि दुसरं, आई-बापांनी ठेवलेलं तेच खरं नाव, असं मी ठासून सांगत होते, ते साफ चूक होतं. तिनं स्वतः ठेवलेलं ते तिचं. हे मी तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. उद्या म्हणू, परवा म्हणू, करत राहिले. आठ दिवस आपण मिठाशिवाय काही मागितलं नाही एकमेकांकडे. नवव्या दिवशी पान्हा पडला.

तुम्ही गेल्यावर कळलं, की मधल्या काळात तुम्ही रियाला घेऊन प्लेट मागवली होती. काय घातलं, ते ती सांगेना. "आबा सेड नॉट टू टेल." तुम्ही नाहीत तरी सांगेना. पोरगी तुमच्यावर गेलीय. तीन आठवडे माझ्या जिवाला घोर. मला भीती एकच होती. मी एवढी हटून बसले होते आई-बापांच्या नावासाठी. माझ्या हट्टापायी, किंवा माझ्यावरच्या रागापायी, तुम्ही ते घातलं असलं तर? ती बाई इथल्या रस्त्यांवरून नकुशी म्हणून फिरली असती, आणि त्याला कारण मी.

काल संदीप पाकीट घेऊन आला. जड, चपटं. सगळे टेबलाभोवती. रियानं ते माझ्यापुढे सरकवलं. "आज्जी, यू रीड इट."

कात्रीनं कापलं. अर्धीच बाहेर ओढली. पहिलं अक्षर नागमोडी. ते तुम्ही मला पहिल्याच दिवशी शिकवलेलं, बॉसमधलं.

"एस," मी म्हटलं.

म्हणजे नकुशी नव्हे! मी खुर्चीत टेकले. पण एस सुनंदाचाही. शेवटी तुम्ही ठेवलेलंच नाव कापून-कुपून बसवलंत की काय? मी अजून ओढली. दोन उभे खांब, मध्ये आडवी दांडी.

"एच!" मी ओरडले. "एच आहे! संदीप, एच आहे!" पुढची चार मी कशी वाचली मला आठवत नाही. शांता! अण्णा, मी वाचलं! कुणी बोट न धरता सबंध इंग्रजी शब्द वाचला. मनीषा रडत होती, रिया नाचत होती, आणि मी एवढ्या मोठ्यानं टाळ्या वाजवत होते की तुम्ही असतात तर म्हणाला असतात, विहीणबाई, लोक पोलीस बोलावतील.

लगेच बसवली. संदीपनं स्क्रू पिळले, प्लेट मी धरली. तुम्ही जिथं पडलात तिथंच बसून धरली. फरशी गार होती.

आज सकाळी निघालो. मास्क लावून, परवानगी आहे तेवढ्याच अंतरात. संदीप चालवायला, मी पुढच्या सीटवर. ती सीट तुम्ही कुणासाठी शिवून घेतली होतीत ते मला ठाऊक आहे, पण रिकामी ठेवणं मला पटलं नाही. गाडी सुरेख चालते. वळताना उजवीकडून कुईं वाजतं, ते संदीप बघेल. ज्या गल्ल्यांतून आपण वाकून वाकून वाचत गेलो, त्या सगळ्या गल्ल्यांतून नेली. आता दुसऱ्यांनी वाकावं.

कोपऱ्यावर शेजारी कचऱ्याचा डबा आत नेत होता. तोच खिडकी लावून घेणारा. थांबला, हात हलवला, गाडीला वाकून बघितलं. "ब्यूटी! हू इज शांता, लव्ह?"

मला पुन्हा शब्द सापडला नाही. मी म्हटलं, "माय फॅमिली."

घरी आल्यावर अक्कांना व्हिडिओवर दाखवली. त्यांना वाचता येत नाही. मी एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाल्या, "ओ देईल आता."

त्यांची ऑक्सिजनची नळी निघाली आहे. काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. सुनंदाबाई गेल्या, तुम्ही गेलात. चौऱ्याऐंशीच्या अक्का वाचल्या, आणि मी.